पायघडीची फुली

धुळे
रविवार, १४ फेब्रुवारी १९८८

प्रिय धनसिंग,

सप्रेम जय भीम. दिवाळीच्या आधी आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर लिहितोय, त्याबद्दल माफ कर. मुलीच्या लग्नाला आलो नाही, त्याबद्दलही. कारणं देत नाही. दिली तर कॉलेजात माझी प्रयोगवही तपासायचास तशी तू ती तपासशील.

आता काम निघालं म्हणून लिहितोय, हे तुझ्या लक्षात येईलच. तू वायुदलात पंधरा वर्षं विमानांची चाकं आणि सांगाडे दुरुस्त करण्यात काढलीस, म्हणून तुला विचारतो. विमान उतरायला येतं, पण टेकत नाही. पट्टीच्या वरून कमी उंचीने उडत जातं, फिरून पुन्हा येतं. असं का होतं?

झालं ते सांगतो. गावाबाहेरची धावपट्टी आमच्या खात्याकडे आहे आणि खात्यात ती माझ्याकडे आहे. कपाशीच्या दिवसांत फवारणीची विमानं येतात, एरवी गवत आणि शेळ्या. चौकीदार चिंधा तिथे अकरा वर्षं रोजंदारीवर आहे. २८ जानेवारीला मंत्रिमहोदय एका कंपनीच्या लहान विमानाने जळगावहून येणार होते. स्वागत समितीचे अध्यक्ष रतिलालशेठ. सकाळी आठपासून शामियाना, बँड, गुलालाची पोती, पेढ्यांच्या पराती आणि त्यांवर माश्या. मी आदल्या दिवशी पट्टीच्या कडेने चुन्याची रेघ मारून घेतली होती. शेठ पान थुंकायला नेमके त्या रेघेपर्यंत चालत जात. पट्टीच्या कडेपासून शामियान्यापर्यंत पांढऱ्या मांजरपाटाची लांब पायघडी अंथरली होती.

अकराला विमान एरंडोलच्या बाजूने आलं. चाकं बाहेर काढलेली होती. पण ते टेकलं नाही. दोन निंबांच्या उंचीवरून सबंध पट्टीवरून गेलं. लोकांना वाटलं, साहेब दर्शन देताहेत. बँड सुरू झाला. शंभरेक माणसं पट्टीवर धावली आणि वर गुलाल उधळू लागली. तो अर्थात त्यांच्याच डोळ्यांत गेला. माझ्या डोळ्यांवर ऊन होतं, त्यामुळे चाकं मला नीट दिसली नाहीत. तेवढ्यात चिंध्याने पायघडी ओढली, मधोमध फाडली आणि पट्टीच्या तोंडाशी तिची मोठी फुली घातली. विमान दुसऱ्यांदा आलं आणि फुलीवरून वर चढून सोनगीरकडे गेलं. पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा आलं. चिंध्याने कापड हलवून वेगळं मांडलं, आणि ते सुखरूप उतरलं.

भाषणात मंत्रिमहोदय म्हणाले, जनतेचं प्रेम डोळे भरून पाहावं म्हणून मी तीन फेऱ्या मारायला सांगितल्या. वर्तमानपत्रात तेच आलं.

चौथ्या दिवशी चिंध्याला कामावरून काढलं. मान्यवरांच्या मार्गात अशुभ फुली टाकून अवमान केला, अशी समितीची तक्रार. कायम करायच्या माणसांची यादी १५ मार्चला वर जायची आहे. तिच्यात त्याचं नाव होतं, ते आता खोडलंय. माझा अहवाल त्याआधीच गेला होता.

चिंध्याने केलं ते बरोबर होतं का, एवढं मला कळव.

तुझा,
यादव


जळगाव
शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९८८

यादवा, रामराम.

लग्नाचं सोड. जेवण बरं नव्हतं, तू वाचलास.

प्रेमापोटी कोणी विमान फिरवत नाही. पेट्रोल जळतं. वैमानिकासमोर तीन पायांचे तीन हिरवे दिवे असतात. पाय पूर्ण खाली येऊन त्याला कुलूप बसलं की त्याचा दिवा लागतो. एखादा दिवा लागला नाही, तर एक तर दिवाच गेलाय किंवा पाय अर्धवट राहिलाय. आत बसून ते कळत नाही. म्हणून तो पट्टीच्या वरून कमी उंचीने जातो, की जमिनीवरच्या माणसाने बघावं आणि काय ते सांगावं. कुलूप नसलेल्या पायावर विमान टेकलं, तर पाय दुमडतो, पंख जमिनीला लागतो आणि विमान फिरून कुठेही घुसतं. पंखात पेट्रोल असतं. तुमचे शंभर लोक गुलाल घेऊन कुठे उभे होते, ते तूच लिहिलंयस.

विमानाशी बोलायचं यंत्र तुमच्याकडे नसणार. तिथे कापड हीच भाषा. फुली म्हणजे उतरू नको. टी म्हणजे उतर. तुझ्या चौकीदाराने दोन्ही बरोबर घातलं. फुली बघून वैमानिकाला कळलं की दिवा गेलेला नाही, पाय वाकडा आहे. मग त्याने लांब जाऊन पाय खाली ढकलायचा हातपंप मारला असेल, विमान हलवून झटके दिले असतील आणि कुलूप बसवलं असेल. तुमच्या त्या माळावर त्या दिवशी विमानातलं काही कळणारा एकच माणूस होता, आणि त्याला तुम्ही घरी पाठवलंत. शाबास.

आता तुझी वही तपासतो. तुमची पट्टी पूर्व-पश्चिम आहे, मी पाहिलेली आहे. शामियाना दक्षिणेला होता की उत्तरेला? जानेवारीत अकरा वाजता ऊन दक्षिणेकडून येतं. तुझ्या डोळ्यांवर ते कसं आलं? अहवालात तू काय लिहिलंस? तेही तू लिहिलेलं नाहीस. आणि वाकड्या पायाला काही अडकलेलं, लोंबणारं दिसलं का? तुला नसेल दिसलं तर चिंध्याला विचार.

मी त्या दिवशी दुकानातच होतो. मोटार रिवाइंडिंगचं काम साचलं होतं. नाहीतर पट्टीवर चक्कर मारली असती.

धनसिंग


धुळे
रविवार, २८ फेब्रुवारी १९८८

प्रिय धनसिंग,

शामियाना दक्षिणेला होता. ऊन माझ्या पाठीवर होतं.

तुझं पत्र आल्यावर मी डायरी काढली. बावीस वर्षं रोज लिहितो आणि त्यात खोटं लिहीत नाही, असा माझा समज होता. २८ जानेवारीच्या पानावर लिहिलंय: "विमान आले. सर्व व्यवस्थित." त्या पानाची मला किळस आली. फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, कारण मग तेही एक खोटंच झालं असतं.

खरं ते असं. विमान पहिल्यांदा डोक्यावरून गेलं तेव्हा मी चाकांकडे पाहिलंच नाही. मी खिडकीकडे पाहत होतो. साहेबांचं लक्ष आपल्याकडे आहे का ते बघत होतो. आणि धनसिंग, मी हात जोडले. टेकलं तर पोट जमिनीला लागेल अशा अवस्थेत उडणाऱ्या विमानाला, पट्टीची जबाबदारी असलेल्या अभियंत्याने वाकून नमस्कार केला. आतल्या वैमानिकाने खाली पाहिलं असेल. आपला पाय बघायला कोण आहे, म्हणून. त्याला माझे जोडलेले हात दिसले असतील.

चिंधा धावत माझ्याजवळ आला. म्हणाला, "साहेब, वर काय दखी ऱ्हायनात? पाय दखा. डावा पाय वाकडा शे." तोवर विमान वळत होतं, आणि तेव्हा मला दिसलं. दोन पाय सरळ, डावा गुडघ्यात मोडल्यासारखा. मला कळलं. खुणांचा कागद माझ्याच फायलीत आहे, फुली मला माहीत होती. तरी त्याने पायघडीला हात घातला तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? "ठेव ते. शेठ बघताहेत."

त्याने ठेवलं नाही. जुन्या सदऱ्यासारखं फाडलं. फुलीवर दगड ठेवले आणि मग काठी घेऊन लोकांना पट्टीवरून शेळ्यांसारखं हाकललं. समितीच्या दोघांना काठी लागली. समितीचा खरा राग त्यावरून आहे. मी शामियान्याच्या खांबापाशी उभा होतो. तिसऱ्या खेपेला डावा पाय सरळ झालेला त्याने लांबूनच ओळखला, आणि टी मांडताना मात्र एक टोक मी धरलं. ते सांगून मला काही मिळवायचं नाही, पण झालं ते झालं. उतरताना डावं चाक त्या टोकावरूनच गेलं.

ही विद्या त्याला फवारणीच्या एका म्हाताऱ्या वैमानिकाने शिकवली होती. विमान येताना त्याचं तोंड बघू नको, पाय बघ, असं त्याने सांगून ठेवलं होतं. अकरा वर्षं चिंधा प्रत्येक विमानाचे पाय बघत आला. मी मान्यवरांची तोंडं बघत आलो.

आता अहवाल. खात्यातल्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, विमानात बिघाड होता असं लिहिलंत तर गर्दी पट्टीवर कशी आली तेही लिहावं लागेल, आणि ती जबाबदारी तुमची होती. मी समोरच्या खुर्चीवर बसून लिहिलं: "कोणताही तांत्रिक दोष निदर्शनास आला नाही. चौकीदाराने विनापरवानगी पायघडी फाडून पट्टीवर अडथळा निर्माण केला." सही केली. साहेबांनी चहा मागवला. मी तो प्यायलो.

मी स्वतःला समजावलं की माझ्यासारख्याची चूक टिपायला हे लोक टपूनच बसलेले असतात, आपण सापडायचं नाही. हे खोटं नाही. पण त्या भीतीची किंमत मी भरायला हवी होती, ती चिंध्यावर ढकलली.

पायघडीचं पुढे काय झालं, ऐक. शेठने तिचे तुकडे करून कार्यकर्त्यांना गळ्यात घालायला वाटले. मंत्रिसाहेबांचं विमान जिच्यावरून गेलं ती पायघडी म्हणून. कचेरीतला शिपाई तोंड पुसतो त्याने.

अडकलेलं काही होतं का, चिंध्याला विचारलं नाही. त्याच्यासमोर जायचं धैर्य झालं नाही. पण तू ते का विचारलंस? पाय वाकडा व्हायची शंभर कारणं असतील. तू नेमकं "लोंबणारं" लिहिलंस.

तुझा,
यादव


धुळे, शनिवार, ५ मार्च (पोस्टकार्ड)

प्रिय धनसिंग, तुझं उत्तर नाही. आजारी आहेस का? यादी १५ तारखेला जाते. उघड्या कार्डावर जास्त लिहीत नाही. यादव.


जळगाव
बुधवार, ९ मार्च १९८८

यादवा,

आजारी नाही. तुझं पत्र खिशात घेऊन आठ दिवस फिरतोय.

मी दुकानात नव्हतो. ते विमान आदल्या संध्याकाळपासून जळगावच्या पट्टीवर होतं आणि राखणीला मी होतो. बाहेरून विमान आलं की कधी कधी मला बोलावतात. दोर बांधणं, चाकांना ठोकळे लावणं, निघण्याआधी एक फेरी मारून बघणं.

सकाळी इथल्या स्वागत समितीच्या लोकांनी विमानाची पूजा काढली. नवा ट्रॅक्टर आणला की करतात तशी. पुढच्या चाकापुढे नारळ फोडला, नाकाला हार घातला. मी गालात हसत होतो. मग एकाने तिन्ही पायांना नाडाछडी, पूजेचा तो लाल-पिवळा दोरा, गुंडाळली आणि तिला लिंबू बांधलं. मला ते थांबवायला हवं होतं. वायुदलात पायाच्या सांध्यात फडक्याचा धागा राहिला म्हणून मी एकदा उड्डाण थांबवलंय, अधिकाऱ्याच्या शिव्या खाऊन. इथे काय केलं? हार काढला. पुढच्या आणि उजव्या पायाची नाडाछडी सोडली. डाव्याकडे गेलो तर कोणीतरी म्हणालं, "धनसिंगभाऊ, देवाचं काढू नका, शुभ असतं. इकडे या, फोटोत या." आणि यादवा, मी फोटोत गेलो. विमानाच्या पंखाखाली, मंत्र्यापासून तिसरा. कपाळावर टिळा लावून घेतला. परत डाव्या पायाकडे वळलोच नाही. वैमानिकाने आतून विचारलं, मी अंगठा दाखवला.

विमान का टेकलं नाही ते तू विचारतोस, आणि मी तुला उन्हाची दिशा विचारतो.

संध्याकाळी विमान इथेच परत आलं. वैमानिक तरुण पोरगा आहे, बोलत नाही. त्याने मला डाव्या पायाशी नेलं. पाय दुमडताना सुटलेली नाडाछडी सांध्यात ओढली गेली होती आणि पाय उघडताना तिचा गोळा होऊन मध्ये बसला होता. पंपाच्या जोराने चेंगरला, म्हणून कुलूप बसलं. त्याने तो उपसून माझ्या हातावर ठेवला. एवढंच म्हणाला, "आपने देखा नहीं था क्या?" तक्रार त्यानेही केली नाही. मंत्र्याचे हार, मंत्र्याची माणसं. त्याची नोकरी विमान देणाऱ्या त्याच कंपनीत आहे.

तो गोळा सोबतच्या पाकिटात आहे. लिंबाची साल चिकटलेली आहे, वास येतो. सव्वा महिना मी तो पेटीत ठेवला होता, फेकला नाही. कशासाठी, मलाच माहीत नाही. बरोबर माझ्या सहीचा जबाब आहे. बिघाड काय झाला, का झाला, माझी चूक कोणती, आणि चिंध्याने फुली घातली नसती तर काय झालं असतं, सगळं लिहिलंय. वायुदलातला माझा नंबर घातलाय. मला पुन्हा पट्टीवर बोलावणार नाहीत, ते बरंच.

फोटो आलाय. घरच्यांनी चौकट करून भिंतीवर लावला होता. मी काढून ठेवला. का काढला म्हणून घरात विचारतात. त्यांना काय सांगू, ते तूच कळव, तू शिकलेला आहेस.

धनसिंग


धुळे
रविवार, १३ मार्च १९८८

प्रिय धनसिंग,

पाकीट शुक्रवारी मिळालं. गोळा कागदावर ठेवून बराच वेळ पाहिला. बोराएवढा. लाल-पिवळा रंग अजून आहे. तुला शिवी द्यावीशी वाटली, मग वाटलं, आपल्या दोघांच्या चुकीत फरक तो काय. तू फोटोसाठी पाय बघायचा सोडलास, मी खिडकीसाठी. तू निदान गोळा जपून ठेवलास.

घरी काय सांगावं, मला सुचत नाही. खरं सांगायचं असेल तर मी आज केलं तसं कर.

आज सकाळी चिंध्याकडे गेलो. वस्ती पट्टीच्या पलीकडेच आहे. तो हल्ली दुसऱ्याच्या रानात जातो, पण रविवार म्हणून घरी होता. मला बघून उठला, खाट झटकली. अकरा वर्षं झटकत आला तशीच. बायकोने, ताईबाईने, पाणी दिलं. माठाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. पांढरं मांजरपाट, त्यावर टायरचा काळा पट्टा. समितीच्याच कोणीतरी त्याला गळ्यात घालायला म्हणून तुकडा दिला होता, आणि बाईने धुवून माठाला बांधला. पट्टा गेला नाही, म्हणाली. त्या पायघडीचा इतका स्वच्छ उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल. पाणी प्यायलो.

मग मी सांगितलं. सगळं, क्रमाने. तुझी नाडाछडी, माझा अहवाल, चहासुद्धा. हात जोडल्याचंही. चिंधा जमिनीकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "ते माले माहीत शे, साहेब. तुम्हना हात जोडेल व्हतात. मी दखं व्हतं."

दीड महिना माझी लाज मी एकटा सांभाळतोय असं मला वाटत होतं. त्याने ती त्याच क्षणी पाहिली होती, आणि कामावरून काढलं त्या दिवशीही तोंडातून काढली नाही. मी विचारलं, मग तू कुणाला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, सांगून काय, लोक हसले असते, तुमच्यावर. ताईबाई चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती. मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"पन कागदवर का नही लिखं, साहेब? मनी काय चूक व्हयनी?"

चूक त्याची नव्हतीच. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि मला बरं वाटलं, हे उत्तर आहे का? तेच खरं आहे, म्हणून तेच सांगितलं. ताईबाई एकच वाक्य बोलली, चुलीकडे तोंड करून, की आमच्याकडचा चहा घेणार का मग. टोमणा होता. मी हो म्हणालो. तिने केलाही. गुळाचा होता. पिताना कचेरीतला तो चहा आठवत राहिला, पण कप रिकामा केला.

घरी येऊन नवा अहवाल लिहिला. सहाव्या खेपेला जमला. पहिल्या पाचांत मी कुठे ना कुठे माझ्यासाठी एखादी फट ठेवलीच होती. एकदा "गोंगाटामुळे", एकदा "अनपेक्षित परिस्थितीत". हात असा चालतो, हे बघून स्वतःचाच वीट आला. आता वाक्यं साधी आहेत. पट्टीवर गर्दी येऊ देणं ही माझी चूक. मी चाकं पाहिली नाहीत. चौकीदाराने पाहिली. मी त्याला थांबवलं, त्याने ऐकलं नाही, म्हणून विमान आणि पट्टीवरचे लोक वाचले. माझा आधीचा अहवाल खोटा आहे. त्याचं नाव यादीत परत घ्यावं. तुझा जबाब आणि गोळा सोबत.

तुझं पाकीट आलं नसतं तर मी हे लिहिलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला दुपारपासून विचारतोय. तेराव्या तारखेपर्यंत लिहिलं नव्हतं, एवढं खरं. दोष वाटून घ्यायला कोणी मिळाला तेव्हाच मला खरं बोलता आलं, असंही असेल. ते तू ठरव. चिंध्याला त्याने फरक पडत नाही.

हा कागद मी मोठ्या साहेबांच्या हातात दिला तर ते वाचतील, हसतील, खण उघडून आत टाकतील आणि चहा मागवतील. मला माझा भरवसा नाही, मी तोही पिईन. पण आमच्या कचेरीत एक आहे. आवक बारनिशीत कागदाची नोंद होऊन एकदा त्याला क्रमांक पडला की तो कोणालाच नाहीसा करता येत नाही, मलासुद्धा नाही. बारनिशीचे कारकून दहाला येतात, साहेब साडेदहाला.

माझं पुढे काय होईल ते कळवीन.

तुझा,
यादव

ता. क. डायरीत उद्याच्या पानावर एकच काम लिहिलंय: दहाच्या ठोक्याला अहवाल, जबाब आणि नाडाछडी बारनिशीत नोंदवून क्रमांक घेणे.